पुसलेले गोल

"हा गोल नसता तर?" सरांनी विचारलं.

"तरी जिंकलो असतो," मुलींच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं.

सरांनी ओलं फडकं फिरवलं. भिंतीवरचा गेरूचा एक ठिपका गेला आणि त्या जागी गुलाबी डाग उरला.

"आणि हा?"

"तरीपण."

तोही गेला.

ते ठिपके माझे होते. भिंत आमच्या शाळेच्या क्रीडा साहित्याच्या खोलीतली. कोल्हापुरात मुलांच्या फुटबॉलला पेठा आहेत, तालमींचे संघ आहेत, हलग्या आहेत. आम्हा मुलींना ही एक भिंत होती. कुंड्या रंगवायच्या गेरूचा एक डबा तिथे असायचा. सामना संपला की जिने गोल मारला तिने त्यात बोट बुडवायचं आणि आपल्या नावाखाली एक ठिपका उमटवायचा. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण ती चुकवायची कुणाची छाती नव्हती. माझ्या नावाखाली एवढे ठिपके होते की शेजारच्या मुलींना आपापली नावं थोडी सरकवून लिहावी लागली होती. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

सरनोबत सर आमचे खेळाचे शिक्षक. निवृत्तीला आलेले, तरुणपणी तालमीचे नावाजलेले गोलकीपर. गोल मारणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासूनच अढी असावी, असं माझं मत होतं. त्या दिवशी त्यांना आमच्यातून एक नाव निवडायचं होतं. पुण्याला राज्य संघाचं सराव शिबिर होणार होतं आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक संघाकडून एकच नाव मागवलं होतं. वयाच्या अटीमुळे माझं ते शेवटचं वर्ष. त्यातून बाबांनी घरी बजावून ठेवलेलं, "शिबिराला नाव लागलं तर पुढं खेळ. नाहीतर बारावी झाली की बूट माळ्यावर."

मला वाटलं होतं, सर भिंतीकडे बघतील आणि माझं नाव लिहितील. त्यांनी फडकं भिजवलं.

"जो गोल काढून टाकला तरी निकाल बदलत नाही, तो गोल बिनकामाचा," ते म्हणाले. "उरेल ते खरं."

मुरगूडला आम्ही सात-शून्य हरवलं होतं. त्यातले सहा माझे. सहाही गेले. कागलला तीन-शून्य, तिन्ही माझे. तेही गेले. जयसिंगपूरकडून हरलो होतो, त्यातला माझा गोल तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही, सरळ पुसला. फडकं पिळलं तेव्हा बादलीत लाल पाणी पडलं. माझ्या नावाखाली पाच ठिपके उरले.

मग ते यास्मिन बारगीरच्या नावाकडे वळले. यास्मिन आमची कप्तान. मधल्या फळीत खेळायची. तिच्या नावाखाली ठिपके मोजकेच. मुरगूडचा एक सोडला तर सगळे अटीतटीच्या सामन्यांतले. सरांनी एकेकाबद्दल विचारलं आणि तो एक सोडून सगळे टिकले.

"पाच आणि पाच," सर म्हणाले. "पण हिनं मधली फळीही सांभाळली. नाव यास्मिनचं."

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते, आजही नाही.

"सर, कागलच्या सामन्यातला कुठला गोल बिनकामाचा होता?"

"तिन्ही. एकेक काढून बघितला की तुझ्यासमोर."

"आणि तिन्ही काढले तर?"

सर थांबले.

"तिन्ही काढले तर शून्य-शून्य," मी म्हणाले. "म्हणजे तिन्ही गोल बिनकामाचे, आणि तरी आपण जिंकलो. कशानं जिंकलो मग? नारळ फोडला म्हणून?"

मागून एक मुलगी फिस्सकन हसली. सरांनी तिच्याकडे बघितलं तशी ती दारामागे गेली.

"बरं," सर म्हणाले. "पहिला ठेवतो. पुढचे दोन बिनकामाचे. तरी मधली फळी सांभाळली ती यास्मिननंच."

"दुसरा बसल्यावर त्यांचं अवसान गेलं सर. तोवर त्या चढून येत होत्या. तो मी मारलोच नसतो तर त्यांनी किती मारले असते, ते तुम्ही कशानं मोजलासा?"

आमच्याकडे मुलीही 'मी आलो, मी मारलो' असंच बोलतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

"मग तूच सांग," सरांचा आवाज चढला. "कसं मोजायचं?"

खरं सांगायचं तर मला ते माहीत नव्हतं. पण राग आला की माझी जीभ माझ्याआधी धावते.

"गोल पुसू नका. मला पुसा."

"म्हणजे?"

"रविवारी गडहिंग्लजशी फायनल आहे. मी बाहेर बसतो. माझ्याशिवाय जिंकलासा तर यास्मिनचं नाव द्या. हरलासा तर माझं."

"येडी झालीस काय गं?" यास्मिन ओरडली. "कप घालवायचाय?"

दुसरा कुणी शिक्षक असता तर मला वर्गात हाकलून दिलं असतं. पण सरनोबत सर गोलकीपर होते, आणि गोलकीपरला डिवचलं की तो जागा सोडून पुढे येतोच. त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"चालेल," ते म्हणाले. "पैज."

त्या संध्याकाळी यास्मिन माझ्याबरोबर सायकल हातात धरून चालत आली. मग म्हणाली, "तू जरा मला पण विचारायचं होतंस."

"काय विचारायचं?"

"मलापण जायचंय गं पुण्याला. तुझ्यासारखं बोंबलून सांगत नाही म्हणून नको असतंय असं नाही."

ती सायकलवर टांग टाकून निघून गेली.

घरी गेले तर दादा जेवायला बसला होता. माझा दादा धैर्यशील, आमच्या पेठेच्या तालमीचा फॉरवर्ड. त्याने चार वर्षांपूर्वी एका सामन्यात एक गोल मारला होता, एक-शून्यने संघ जिंकला होता. त्या एका गोलावर तो अजून जेवत होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर अख्खी पेठ फिरवलं होतं, कोपऱ्यावरचा मिसळवाला त्याला अजून कट जास्त वाढायचा. माझा गोल झाला की आई म्हणायची, "बरं झालं. आता हातपाय धू." बाबांना तर मी कुठल्या जागेवर खेळते तेही धड माहीत नव्हतं.

मी दादाला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "सरांचं बरोबर आहे की. माझा गोल बघ. काढून टाक, सामना गेला. असा गोल पाहिजे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सरांच्या फडक्यानं दादाचा तो गोल पुसला गेला नसता. चार वर्षांत एकदा मारलेला, त्यातही समोरच्या संघाच्या फुलबॅकच्या पाठीला लागून आत गेलेला. तो अमर, आणि माझे सगळे गुलाबी डाग. मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "आता हिला काय झालं?"

रविवारी मैदानावर फक्कीच्या ताज्या रेषा होत्या आणि चिंचेखाली बघ्यांची बऱ्यापैकी गर्दी. मुलींच्या सामन्याला एवढी माणसं मी प्रथमच बघत होते. दादाही मित्रांना घेऊन आला होता. मी नऊ नंबरचा शर्ट घालून बाकावर बसले.

सामना सुरू व्हायच्या आधी एक गंमत झाली. गडहिंग्लजच्या बचावातल्या दोघी, एक उंच चार नंबरची आणि एक ठेंगणी दोन वेण्यांची पाच नंबरची, मला बाकावर बघून थबकल्या. आपसात बोलल्या, मग पळत आपल्या सरांकडे गेल्या. त्यांच्या सरांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि त्यांना हातानं पुढे जा अशी खूण केली.

त्या दोघी खरोखरच पुढे गेल्या. बचाव सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत. आमच्या यास्मिनला चेंडू मिळाला की त्यातली एक तरी तिच्या अंगावर असायची. यास्मिन पडली, उठली, पुन्हा पडली. तिच्या गुडघ्यातून रक्त यायला लागलं. पहिला गोल आमच्या कीपरच्या हातातून सुटून झाला. दुसरा सुटून वगैरे नाही, चांगला खणखणीत बसला.

दोन-शून्य. मध्यंतर.

मी पैज जिंकत होते. त्यासाठी आणखी काही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. पुणं, शिबिर, बाबांचं ते माळ्याचं बोलणं, सगळं त्या बाकावर माझ्या हाती आयतं येत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मुली लिंबू-पाणी पीत गवतावर पडल्या होत्या. यास्मिन गुडघ्यावर पाणी ओतत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. एकदा जरी 'ये गं' म्हणाली असती तर मी कदाचित हट्टानं बसून राहिले असते. सर माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनीही बोलावलं नाही.

मी वाकले आणि बुटाच्या नाड्या आवळायला लागले.

सर मागे न वळता म्हणाले, "विचार केलास? उतरलीस तर पैज तू मोडलीस. मग नाव यास्मिनचं."

"माहितंय."

"मग कशाला उठालीस?"

"मला हरायला येत नाही सर. आणि बसून तर त्याहून येत नाही."

मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. कुणी तसं म्हणालं तर मला राग येतो. समोर सामना हरत चाललाय आणि पायात बूट आहेत, अशा वेळी मला बसता येत नाही, एवढंच.

मी आत गेले आणि चार नंबरची आणि पाच नंबरची लगेच मागे धावत आल्या. दोघीही. एक पुढे, एक मागे. मी डावीकडे गेले की त्या डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. चेंडू माझ्या पायाला लागायचं नाव नाही. चिंचेखालून दादा ओरडला, "उज्जे, बॉलकडं जा की! मैदान झाडालीस काय?"

मी चार नंबरचीला म्हणाले, "अगं, बॉल तिकडं आहे. माझ्यामागं काय करालाईस?"

"आमच्या सरांनी सांगितलंय," ती धापा टाकत म्हणाली. "काय पण होऊ दे, नऊ नंबरला सोडायचं नाही. तू मुरगूडला सात घातलीस नव्हं?"

"सहा," मी म्हणाले. "सातवा यास्मिनचा."

"सहा तर सहा. माझी मामेबहीण मुरगूडची कीपर आहे. ती सांगत होती, त्या नऊ नंबरच्या तोंडाला लागू नको."

मला भर मैदानात हसू फुटलं. तिला वाटलं मी तिला हसतेय. मी वळले आणि चेंडू सोडून उलट्या दिशेला, पार कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत पळत गेले. तिथे काही नव्हतं. एक म्हातारबा शेंगा खात उभे होते, तेवढेच. त्या दोघी माझ्यामागे धावत त्या म्हातारबांपर्यंत आल्या. इकडे मधलं मैदान मोकळं पडलं, आणि यास्मिनने दुखऱ्या गुडघ्यानं चेंडू नेला आणि गोलच्या कोपऱ्यात मारला.

यास्मिनला समजायला वेळ लागला नाही. पुढच्या वेळी मी पळायला लागले तशी ती माझ्याकडे बघून हसली. दुसरा गोल आमच्या शोभा चौगुलेने मारला, जिने आयुष्यात कधी गोल मारला नव्हता. मारल्यावर काय करायचं असतं तेही तिला कळेना, ती पंचांनाच जाऊन मिठी मारायला निघाली. तोवर गडहिंग्लजचे सर रेषेवरून नुसते ओरडत होते. "नऊ नंबर! नऊ नंबरला धरा!" त्यांच्या पोरी इमानदारीनं मला धरून होत्या. शेवटची शिट्टी व्हायच्या जरा आधी यास्मिनने तिसरा मारला.

तीन-दोन. माझा एकही नाही.

दादाच्या मित्रांनी कुठूनतरी हलगी आणली. यास्मिनच्या आणि शोभाच्या केसांत गुलाल पडला. सगळ्या वाजतगाजत शाळेच्या अंगणात आल्या. साहित्याच्या खोलीत रीतीप्रमाणे गेरूचा डबा निघाला. यास्मिनने दोनदा बोट बुडवलं. शोभाने एकदा, तेही सगळ्यांना दाखवून दाखवून. मग त्या नाचायला बाहेर गेल्या. मी थांबले. सर डब्याचं झाकण शोधत होते.

"आज तुझा एकही नाही उज्ज्वला," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, पण मला तो लागला.

"सर, मुरगूडचे माझे सहा कुठं होते?"

त्यांनी भिंतीवरच्या गुलाबी डागांवरून बोट फिरवलं. "इथं."

"आजचा सामना त्या सहांनी काढला."

"कसा काय?"

"चार नंबर आणि पाच नंबर माझ्यामागं का होत्या? पहिल्या अर्ध्यात त्याच दोघी यास्मिनच्या अंगावर होत्या. मी उतरल्यावर त्यांनी तिला सोडलं आणि मला धरलं. का? मी आज त्यांना काय केलो होतो? बॉलला पायसुद्धा लावलो नव्हतो. त्यांना मुरगूडचे सहा माहीत होते. कागलचे पण माहीत असतील. तुम्ही पुसलासा ते सगळे त्यांच्या डोक्यात होते. बिनकामाचे!"

बोलता बोलता माझा आवाज फाटला. मला रडायचं नव्हतं आणि मी रडले नाही, पण फार लांबही नव्हते त्यापासून. बाहेर हलगी वाजत होती.

सर जुन्या स्टुलावर बसले. डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मी कीपर होतो तेव्हा, उद्या समोर कोण येणार ते आदल्या दिवशी कळायचं. मग झोप लागायची नाही. त्यानं आधी किती मारलेत, तेवढंच डोक्यात फिरायचं."

त्यांनी बोटानं डब्याची कड पुसली.

"त्यातले कामाचे किती आणि बिनकामाचे किती," सर म्हणाले, "ते मी कधी विचारलं नाही."

ते उठले. कुणी चुकलं की सर ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "नाव मात्र यास्मिनचंच जाईल."

"जाऊ दे. पैज मी मोडलो."

"मग आता काय पाहिजे तुला?"

"माझी भिंत."

त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "घे. लाव."

मी हात मागे बांधले.

"मी नाही लावणार. ज्यानं पुसलंय त्यानं लावायचं."

नाव यास्मिनचंच गेलं. ती पुढे राज्याकडून खेळली, आणि चांगली खेळली. माझं आजही ठाम मत आहे की नाव माझं जायला हवं होतं, तिच्या तोंडावर मी तसं सांगते आणि ती म्हणते, "व्हय गं बाई, चहा पी." बाबांनी बारावीनंतर बूट माळ्यावर टाकले. मी खाली काढले. त्यांनी पुन्हा टाकले, मी पुन्हा काढले. शेवटी त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि माझे नाहीत, म्हणून तो प्रश्न सुटला. आता मीच एका शाळेत मुलींना शिकवते. त्यांच्यातल्या कुणी सहा-शून्यवर सातवा मारला तर मी रेषेवरून आठवा मागते.

पण त्या संध्याकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी हात मागे बांधून उभी होते आणि वाटत होतं, आता सर डबा आपटतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. शर्टाची बाही वर केली आणि गेरूत बोट बुडवलं.

"मुरगूड?" त्यांनी विचारलं.

"सहा."

त्यांनी सहा लावले.

"कागल."

"तीन."

"जयसिंगपूर. तो आपण हरलो होतो."

"हरलो होतो. मी मारलो होतो."

तोही लावला. एकेका सामन्याचं नाव घेत त्यांनी सगळे ठिपके परत उमटवले, चुकूनही एक कमी नाही. सरांचं बोट जाड होतं, वर्षानुवर्षं चेंडू अडवून सुजून बसलेलं. त्यामुळे परत लावलेले माझे गोल पहिल्यापेक्षा मोठे दिसायला लागले. सरांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी कडा पुसायला फडकं उचललं.

"राहू दे सर," मी म्हणाले. "एवढे मोठेच होते ते."